अ‍ॅव्हरेजपायी गुडघे: नाशिक ते ठाणे, पाय न दुखवता

घोटीचा टोलनाका ओलांडला की माझी उजवी नडगी बोलायला लागायची. कसारा उतरेपर्यंत दुखणं गुडघ्याच्या वाटीपर्यंत चढलेलं असायचं आणि शहापूरला चहासाठी उतरलो की पहिली चार पावलं लंगडत. नाशिकच्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, मालाच्या कामासाठी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा ठाणे-भिवंडी होते. वीस वर्षं हा रस्ता करतोय, पाय कधी दुखला नव्हता. दुखायला लागला तो नवी गाडी घेतल्यावर, कारण नव्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे क्षणाक्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा आला. तो २२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा मला नादच लागला. पेडलवर साप झोपलाय आणि त्याला जागं करायचं नाही, अशा बेताने मी पाय धरून बसायचो.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले, मलम दिलं. खरी चूक पकडली ती मामांनी. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता सिन्नरला असतात. एकदा त्यांना ठाण्याला सोडायचं होतं. वाडीवऱ्हे येईपर्यंत गप्प बसले, मग माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "अरे, टाच कुठंय तुझी?"

"इथंच आहे की मामा."

"मॅटवर नाहीये. बघ जरा."

गाडी चालवताना खाली कोण बघणार? पण पाय चाचपून पाहिला तर खरंच, टाच मॅटपासून बोटभर वर. तास-दीड तास मी अख्खा पाय अधांतरी धरून ठेवत होतो आणि त्याला पेट्रोल वाचवणं म्हणत होतो. मामा एवढंच म्हणाले, "पाय टेकव. टेकलेला पाय हलत नाही, आणि पाय हलला नाही तर डिझेल जात नाही." माझी पेट्रोलची आहे, पण मुद्दा तोच. त्यानंतर मी सीटपासून क्लचपर्यंत सगळं नव्याने लावून पाहिलं. जे कामाला आलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी दुखतं का ते

पाऊल वर खेचून धरणारा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो. चालताना तो क्षणभर आवळतो, क्षणभर सैल होतो, म्हणून दहा किलोमीटर चाललं तरी तक्रार करत नाही. पण तोच स्नायू न सोडता थोडासाच आवळून ठेवला तर त्याला रक्ताचा पुरवठा नीट होत नाही आणि तो थकतो. जोर किती लावला हा प्रश्न नसतो, सुट्टी मिळाली की नाही हा असतो. पाऊल आणि बूट मिळून वजन दीड किलोच्या आसपास. दीड किलोची पिशवी हात लांब करून पाच मिनिटं धरून बघा, म्हणजे अडीच तासांत पायाचं काय होतं ते कळेल.

गुडघ्याची गोष्ट थोडी वेगळी. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितकी वाटी खालच्या हाडावर जास्त दाबली जाते. सीट पुढे ओढून बसणाऱ्याचा गुडघा काटकोनाहून जास्त वाकतो आणि त्याच अवस्थेत क्लच दाबायचा म्हटलं की सगळा भार वाटीवर. उलट सीट फार मागे असेल तर क्लच तळाला न्यायला कंबर सरकवावी लागते, मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या जातात, आणि दुखणं गुडघ्याच्या मागे किंवा कंबरेत निघतं.

अ‍ॅव्हरेज काढणाऱ्याला हे दोन्ही त्रास इतरांपेक्षा जास्त. बाकीचे लोक पेडल दाबतात, सोडतात, ब्रेक मारतात, त्यांचा पाय हलता तरी राहतो. आपण एकाच जागी धरून बसतो.

सीट लावण्याची दहा मिनिटं

हे घरी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून करायचं. सिग्नलला सीट सरकवत बसू नका. ज्या चपला-बुटांत रोज गाडी चालवता तेच घाला आणि मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. पाकिटावर बसलं की एक खुबा उचलला जातो आणि तो तिरपेपणा गुडघ्यापर्यंत जातो. मी पंधरा वर्षं पाकिटावर बसलोय, सवय सुटायला महिना लागला.

पहिलं काम, पार्श्वभाग सीटच्या कोपऱ्यात पूर्ण मागे न्यायचा. आपण बहुतेक जण घसरून बसतो आणि मग त्या घसरलेल्या बैठकीला सीट जुळवतो, तिथेच सगळं चुकतं.

दुसरं, उंची. सीट वर-खाली होत असेल तर खुबा गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर येईल एवढी उचला. लो सीटवर गुडघे खुब्याच्या वर जातात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि पायाचा सगळा भार टाचेवर येतो. जुन्या हॅचबॅकमध्ये उंचीची सोय नसते. तिथे दोन बोटं जाडीची, पुढून-मागून सारख्या जाडीची कडक गादी चालते. मऊ फोमची उशी नको, ती ब्रेक मारताना दबते आणि माणूस पुढे घसरतो. गादी घातल्यावर सीट बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही तर खुब्याच्या हाडांवरच बसतोय ना, ते बघून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढे-मागे. डाव्या पायाच्या चवड्याने क्लच अगदी तळापर्यंत दाबा. दाबताना खुबा सीटवरून हलता कामा नये, आणि क्लच तळाला असतानाही गुडघ्यात थोडा वाक शिल्लक राहिला पाहिजे. पाय काठीसारखा सरळ होत असेल तर सीट एक खाच पुढे. क्लच पूर्ण सुटल्यावर गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या पॅनेलला टेकत असेल तर मागे. ऑटोमॅटिकवाल्यांनी हेच उजव्या पायाने ब्रेकवर करायचं, आणि ते जोरात दाबून. आणीबाणीत ब्रेक जोरातच दाबायचा असतो.

चौथं, सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. कड गुडघ्यामागे रुतली की पायाला मुंग्या येतात, आणि बुटक्या माणसाला हा त्रास हमखास होतो. त्यावर उपाय म्हणजे पाठीमागे एक पातळ कडक उशी, म्हणजे माणूस थोडा पुढे येतो आणि कड सुटते.

पाठीचा कोन सगळ्यात शेवटी. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पडलं पाहिजे. काटकोनापेक्षा थोडं मागे रेललेलं बरं. आरामखुर्चीसारखं झोपून गाडी चालवणारे मी समृद्धीवर बघतो, त्यांची मान आणि नडगी दोन्ही कामाला लागलेली असतात.

आता एक परीक्षा, जी मला कुणी सांगितली नव्हती, करता करता सापडली. इंजिन बंदच ठेवा. उजवी टाच मॅटवर टेकवा, चवडा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवा आणि पाय पूर्ण सैल सोडा, झोपेत सोडतो तसा. पेडल आपोआप बरंच खाली गेलं तर समजायचं, की गाडी चालवताना आपण पूर्णवेळ बोटं वर खेचून धरतोय, कारण सैल सोडला तर गाडी पळेल. माझं तसंच होतं. सीट दोन खाच मागे घेतली, टाच अर्धा इंच आपल्याकडे सरकवली, तेव्हा घोट्याचा कोन उघडला आणि सैल पायाखाली पेडल जेमतेम दबायला लागलं. पेडलच्या स्प्रिंगलाच पायाचा भार उचलू द्यायचा, तेवढ्यासाठीच ती तिथे आहे. फक्त एवढं करताना क्लचची परीक्षा नापास होणार नाही हे बघा. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मला चार-पाच वेळा सीट हलवावी लागली.

टाच, मॅट आणि चपला

उजवी टाच ठेवायची ब्रेकच्या समोर, जरा उजवीकडे. मग अ‍ॅक्सिलरेटरसाठी पाऊल उजवीकडे वळतं, ब्रेकसाठी परत सरळ होतं, टाच खिळ्यासारखी जागेवर. हलका ब्रेक असाच मारता येतो. जोरात मारायचा तर पाय उचलूनच मारावा लागतो आणि तसाच मारा, तिथे टाचेचा हट्ट नको. काही गाड्यांत ब्रेकचं पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बरंच वर असतं, तिथे दर वेळी पाय उचलणं आलंच. पण हायवेवर तासभर अ‍ॅक्सिलरेटरच सांभाळायचा असतो, तेवढा वेळ तरी टाच टेकलेली हवी.

ज्यांचं पाऊल लहान, त्यांची टाच टेकली की चवडा पेडलपर्यंत पोचत नाही. माझ्या बायकोचं हेच रडगाणं. तिच्यासाठी आम्ही टाचेखाली घालायला रबराचा तुकडा आणला आणि दुसऱ्याच दिवशी काढून टाकला, कारण तो ब्रेकच्या दिशेने सरकला. पेडलच्या आसपास सुटी वस्तू अजिबात नको: तुकडा नाही, पाण्याची बाटली नाही, मॅटवर मॅट नाही. टाच उंच करायचीच असेल तर गाडीच्या हुकात अडकणारी एकच जाड मॅट घ्या. आम्ही शेवटी तिच्यासाठी सीटची उंची कमी-जास्त करून मेळ बसवला, आणि तिने अर्धा इंच टाचेचे, सपाट तळाचे बूट गाडीतच ठेवलेत.

चपलेची गोष्ट छोटी नाही. मागून सुटी चप्पल असली की ती निसटू नये म्हणून बोटं आपोआप आवळली जातात, आणि बोटं आवळली की नडगी आवळते. जाड तळाच्या स्पोर्ट शूजमध्ये पेडल कळतच नाही, मग माणूस चाचपत जास्त दाबतो. पातळ, बऱ्यापैकी कडक तळाचा, टाचेला धरून बसणारा बूट बरा. इगतपुरीच्या पावसात चहाला उतरून आलात की तळवे मॅटवर घासून पुसा. ओला तळवा घसरतो आणि घसरू नये म्हणून पाय ताठतो. जूनपासून माझ्या दारातल्या कप्प्यात जुना नॅपकिन असतो, तो बुटांसाठीच.

डाव्या पायाला विसाव्याची जागा असते, क्लचच्या डावीकडे तिरपी पट्टी. गिअर टाकून झाला की पाय लगेच तिथे. कित्येक जण क्लचवरच पाय ठेवून बसतात: गुडघा थकतो तो थकतोच, वर क्लच किंचित दाबलेला राहतो, प्लेट घसरते आणि पेट्रोलही जातं. पट्टी नसेल तर पाय क्लचच्या डावीकडे जमिनीवर पसरा, क्लचच्या खाली नाही.

आणखी एक, लक्षात न येणारं. उजवा गुडघा बाहेर लोंबून दाराच्या कडक प्लास्टिकवर टेकतो आणि तासाभराने बाहेरच्या बाजूला टोचायला लागतो. तिथे दारावर बोटभर जाडीचा स्पंज चिकटवला तरी फरक पडतो. स्टिअरिंगखालच्या पॅनेलवर मात्र काही चिकटवू नका, काही गाड्यांत तिथे गुडघ्यांची एअरबॅग असते.

नजरेने पेट्रोल, पायाने नाही

आता चालवण्याकडे. क्षणाक्षणाचा आकडा मी सगळ्यात आधी बंद केला. तो आकडा चढावर घाबरवतो, उतारावर फुशारकी मारतो, आणि दोन्ही वेळा पाय आवळायला लावतो. त्याऐवजी टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब वहीत ठेवतो. खरं सांगायचं तर पाय टेकवून चालवायला लागल्यावर माझं अ‍ॅव्हरेज लिटरमागे एक किलोमीटरनेही बदललं नाही. दोन वर्षं दुखणं सोसून मी काहीच कमावत नव्हतो.

पेट्रोल कुठे वाचतं? मुख्यतः ब्रेक न मारण्यात. लांबवर बघायचं, सिग्नल लाल दिसला किंवा पुढे ट्रक वळतोय असं वाटलं की तिथूनच पाय उचलायचा आणि गाडी गिअरमध्येच येऊ द्यायची. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे आज रस्त्यावरच्या जवळपास सगळ्याच गाड्यांत, गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनचे फेरे पुरेसे असले की इंधनाची फवारणीच बंद होते. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकला तर इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहायला पेट्रोल घेतं, शिवाय इंजिनचा ब्रेक जातो. उतारावर न्यूट्रल टाकून अ‍ॅव्हरेज काढणारे अजून आहेत. ती बचतही नाही आणि शहाणपणही नाही.

पायासाठी याचा अर्थ असा, की दर वेळी लवकर पाय उचललात की पाच-दहा सेकंदांची सुट्टी मिळते. त्या सुट्टीत पाय ब्रेकसमोर टाचेवर सैल सोडायचा, बुटातली बोटं एकदा आवळून मोकळी करायची. पाथर्डी फाट्यापासून गोंद्यापर्यंत अशा सुट्ट्या मिळत राहतात, मोकळ्या रस्त्यावर त्या मुद्दाम घ्याव्या लागतात: थोड्या थोड्या वेळाने, मागे कुणी नाही बघून, दोन सेकंद पाय पूर्ण सोडायचा आणि परत ठेवायचा. वेग दोन-तीन किलोमीटरने पडतो, पडू द्यावा. मात्र पळवायची, सोडायची, पुन्हा पळवायची अशी एक पद्धत काही अ‍ॅव्हरेजवेडे वापरतात, ती मी केली नाही आणि सांगणारही नाही. मागच्या कंटेनरवाल्याला तुमचा प्रयोग कळत नाही.

वेगाचं गणित सोपं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. म्हणून ८०-९० च्या आसपास, डाव्या लेनमध्ये, उच्च गिअरमध्ये जाणं हा अर्धा विजय. गिअर लवकर वर टाकावा, पण इंजिन धडधडेपर्यंत नाही. पाचव्यात ४० ने चढावर चाललेली गाडी पेडल जवळजवळ तळाला मागते, पाय ताणला जातो आणि पेट्रोलही वाचत नाही. परत येताना कसारा चढायचा तर खालूनच गिअर उतरवा आणि हलक्या पायाने एका चालीत वर या. त्याच घाटात रेल्वेलाही ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, गाडीमागे जादा इंजिन जोडून वर ढकलावी लागते. आपण तिथे अ‍ॅव्हरेजचा अभिमान बाजूला ठेवलेला बरा.

उतरताना उलटी काळजी. इगतपुरी ते कसारा आपण सुमारे ३०० मीटर खाली येतो. चौथ्या-पाचव्यात उतरलं तर उजवा पाय सगळा वेळ ब्रेकवर अधांतरी राहतो, आणि माझी नडगी सगळ्यात जास्त दुखायची ती इथेच. तिसऱ्यात उतरा, वळण अवघड असेल तर दुसऱ्यात. इंजिन गाडी धरून ठेवतं, फवारणी बंद असते, ब्रेक तापत नाहीत आणि टाच टेकलेली राहते.

समृद्धीवर क्रूझ कंट्रोल असेल तर वापरा. चढ-उतारावर ते सरावलेल्या पायापेक्षा थोडं जास्त पेट्रोल घेईल, पण इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे या ७६ किलोमीटरमध्ये तेवढा तोटा गुडघ्याच्या नावे लिहून टाका. ५ जून २०२५ ला हा टप्पा सुरू झाल्यापासून मी घाट बराच कमी केलाय. क्रूझवर असताना उजवा पाय मागे घेऊन बसू नका, टाच ब्रेकसमोरच हवी, फक्त सैल. कारला तिथे सपाट भागात १२० ची मुभा आहे, म्हणून १२० ने गेलंच पाहिजे असं नाही. आणि तिथे वाटेल तिथे कडेला थांबता येत नाही, तेव्हा पाय मोकळे करायचे ते चढण्याआधी.

द्वारका, मुंबई नाका आणि डावा गुडघा

हायवेने उजवा पाय जातो, शहराने डावा. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत संध्याकाळी साडेसहाला क्लच किती वेळा दाबला जातो ते एकदा मोजलं, ६० नंतर मोजणं सोडलं. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी कुठला रस्ता कधी उकरलेला असेल याचा भरवसा नाही.

इथे एकच गोष्ट शिकायची, पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. दीड गाडीची जागा सोडा. ती जागा भरायला रिक्षा आणि दुचाक्या येतीलच, येऊ द्या. जागा असली की पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच पूर्ण सोडून गाडी आपोआप रांगते. पुढचे लोक पाच वेळा थांबतात तेव्हा आपण एकदा थांबतो. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं सगळ्यात वाईट, गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत भार धरतो आणि खाली प्लेट जळत असते.

थांबलात की न्यूट्रल, हँडब्रेक, दोन्ही पाय जमिनीवर. पहिला गिअर टाकून क्लच दाबून सिग्नल सुटायची वाट बघणारा माणूस रिलीज बेअरिंग आणि गुडघा एकदमच झिजवतो. सिग्नल लांबचा असेल तर इंजिनही बंद करा. छोटी पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते.

क्लच जड लागत असेल तर व्यायामाआधी मेकॅनिककडे जा. मी सहा महिने डाव्या गुडघ्याला तेल चोळत होतो. एका गॅरेजने क्लच ठीक आहे म्हणून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणच्या पोराने केबल काढून दाखवली, आतून गंजून तारा फाकलेल्या. नवी टाकल्यावर क्लच बोटाने दाबावा इतका हलका झाला आणि गुडघा आठवड्यात शांत. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरवर, पंधरवड्याने तपासा. हवा कमी असली की गाडी जड ओढते आणि पाय जास्त दाबतो.

थांबे आणि थोडा व्यायाम

दीड ते दोन तासांनी उतरायचंच. मी घोटी-इगतपुरीच्या आसपास एकदा थांबतो, दुखत नसलं तरी. मिसळ आधी की व्यायाम आधी, तर व्यायाम आधी, कारण मिसळीनंतर कुणी करत नाही.

गाडीला दोन्ही हात टेकवा, एक पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा सरळ, आणि पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुका. अर्धा मिनिट, मग दुसरा पाय. नंतर डिकीच्या कडेवर टाच ठेवून, पाठ सरळ ठेवून कंबरेतून किंचित वाका, मांडीमागचा ताण सुटतो. कड उंच वाटली तर पायरी चालेल. शेवटी गाडीला पाठ टेकवून उभं राहा आणि दोन्ही चवडे वर उचला, टाचा जमिनीवर, वीसदा. नडगीला आवळ-सैल मिळाली की तिच्यात रक्त खेळतं. लोक बघतात, बघू द्या.

घरी दोनच गोष्टी, पण रोज. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, मांडी आवळून गुडघा टॉवेलवर दाबायचा, पाच सेकंद धरून सोडायचा, प्रत्येक पायाला दहादा. मग उताणं झोपून एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ, सरळ पाय वीतभर उचलून पाच सेकंद, हेही दहादा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की वाटी जागेवर सरकते. दुखणं ताजं असेल तर खोल उठाबशा नकोत.

दुखतं कुठे त्यावरून काय बदलायचं

नडगीच्या पुढे जळजळ असेल तर टाच आणि घोट्याचा कोन. वाटीभोवती किंवा वाटीखाली ठणका, जिना उतरताना वाढणारा, म्हणजे सीट पुढे किंवा खाली आहे. गुडघ्यामागे ओढ लागते, तर सीट मागे गेलीय किंवा कड रुततेय. बाहेरच्या बाजूला टोचतं, तर दार. पण एका वेळी एकच बदल करा, एक खाच, आणि चार दिवस द्या. मी सुरुवातीला एकदम सगळं बदललं आणि दुखणं कशाने कमी झालं तेच कळेना, पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

सीटच्या आवाक्याबाहेरची दुखणीही असतात. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर चोळू नका आणि मसाज नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे. लांब बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ दवाखाना. गुडघा सुजतो, अडकतो, चालताना दगा देतो, किंवा कंबरेपासून पावलापर्यंत कळ आणि बधिरपणा येतो, तर आधी तपासणी. पाऊल बधिर असेल तर तोवर गाडी दुसऱ्याला चालवू द्या, ब्रेक कळला नाही तर अ‍ॅव्हरेजचं काय करायचंय.

राहता राहिली एक अडचण, घरात गाडी चालवणारे दोघं असले की मोजून लावलेली सीट रोज हलते. आम्ही सीटच्या रुळाशेजारी ऑइल पेंटने खुणा केल्यात, पांढरी माझी, लाल बायकोची, आणि उंचीच्या खटक्याचे आकडे सनशेडमागच्या चिठ्ठीवर. दिवाळीला पोरगा पुण्याहून येतो, सहा फुटी, त्याची हिरवी खूण रुळाच्या अगदी टोकाला आहे. गाडी घेऊन भटकून येतो आणि सीट तशीच सोडतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट काढून, दार उघडं टाकून, पांढरी खूण शोधत बसतो.